नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, आणि भिंतीवर आरओ : सोलापुरात हे यंत्र लागतं का? (प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याच्या भागाचं नाव आहे.)

जुळे सोलापूर

आपल्याकडे नळ येतो तीन दिवसांनी, कधी चार-पाच. अशा गावात लिटरभर पाण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडणारी यंत्रं घरोघर लागली आहेत, याचा मला खरोखर राग येतो. माझं म्हणणं सरळ आहे : घरात फक्त नळाचं पाणी असेल तर आरओ घेऊ नका.

पाच माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज २० लिटर लागतं. म्हणजे यंत्र रोज ४० ते ६० लिटर टाकणार. चार दिवसांत १६० ते २४० लिटर. पाचशे लिटरच्या टाकीतलं तिसऱ्या हिश्श्यापासून जवळजवळ निम्मं पाणी.

आरओचं काम पाण्यात विरघळलेले क्षार काढणं. भारतीय मानक १०५०० प्रमाणे टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, आणि दुसरं पाणी मिळतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतो. साधा मीटर स्वतः विकत घ्या. नळ सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी पेला भरून मोजा. आकडा ५०० च्या आत असेल तर मेंब्रेनला, म्हणजे आरओतल्या क्षार अडवणाऱ्या पडद्याला, तिथं करण्यासारखं काही नाही.

विकायला येणारे पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडतात, पाणी तपकिरी होतं आणि घरातली माणसं घाबरतात. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नाही, सळईच्या लोखंडाचा आहे. क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड सुटतं. आरओच्या पाण्यात क्षार फार थोडे, म्हणून ते तसंच राहतं. त्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून परत करायला सांगा, तेही तपकिरी होईल.

आपला खरा धोका जंतूंचा. पाइप तीन-चार दिवस रिकामा पडतो, फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत झिरपतं, त्यात लोक नळाला थेट मोटार लावून ओढतात. म्हणून पहिली दहा मिनिटं येणारं पाणी फरशीला, संडासला वापरा आणि टाकी नंतर भरा. टाकीत चौथ्या दिवसापर्यंत क्लोरीन उरत नाही, या उन्हात तर नाहीच. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे चहाचा एक चमचा. कोरडी टाकू नका. आधी बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. पुडी उघडी राहून वास गेलेला असेल तर ती पावडर निकामी.

होटगी रोड

तुमचा हिशेब बरोबर आहे अण्णा, पण फक्त नळावर चालणारी घरं आहेत किती? नळ चार दिवसांनी येतो म्हणूनच प्रत्येक सोसायटीत बोअर आहे. नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच हौदात पडतं आणि तिथून वर चढतं. सोमवारी मीटर ४०० दाखवतो, गुरुवारी १,१००. नळ सुरू झाल्यावर मोजलेल्या आकड्यावर यंत्राचा निर्णय कसा घेणार?

बोअरचं पाणी जड आहे हे स्वयंपाकघर आधी सांगतं. तूरडाळ पाच शिट्ट्या होऊनही दाण्यादाण्यानं वेगळी राहते, कारण पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. चहावर तवंग येतो, कुकरच्या तळाला पांढरा थर बसतो. जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, ६०० ही शेवटची हद्द. पण मला जास्त काळजी नायट्रेटची आहे. शोषखड्डे, गटारं आणि शेतातली खतं यांतून ते बोअरमध्ये उतरतं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि तिला सवलतीचा दुसरा आकडाच नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं दूध अशा पाण्यात कालवलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा), कँडल, टीसीएल, कशालाच ते दाद देत नाही. घरात लावता येण्यासारखा सोपा उपाय आरओच.

बाळीवेस

दोघंही यंत्राभोवतीच फिरताय. पाणी गाळून उकळा, काम संपलं. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. दहा-वीस मिनिटं उकळत ठेवून गॅस घालवायची गरज नाही.

होटगी रोड

बाळीवेसवाले, वीस लिटर उकळायला गॅस किती लागतो ते धरा. २५ अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे ६३ लाख ज्यूल. किलोभर गॅसमध्ये साधारण ४.६ कोटी ज्यूल असतात, शेगडीवर त्यातले निम्मे भांड्यात पोचतात. म्हणजे रोज पाव किलोच्या वर. १४.२ किलोचं सिलिंडर नुसत्या पाण्यावर पावणेदोन महिन्यांत संपेल. फक्त पिण्याचं आठ-दहा लिटर उकळलं तर परवडतं, पण बोअरचं असेल तर डाळ तशीच राहणार.

विजापूर रोड

नळाचं पाणी चांगलं हे गृहीतच कसं धरता? उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेतून येतं. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की शेवाळ वाढतं आणि नळाला मातकट वास येतो. पाकणीच्या शुद्धीकरण केंद्राचं पाणी असो की टाकळीहून सोरेगावच्या केंद्रात येणारं, मूळ भीमाच. हिप्परग्याच्या तलावाचं ज्यांना मिळतं त्यांचं वेगळं. टीडीएस ३५० आला म्हणून पाणी शुद्ध ठरत नाही, कारण तो मीटर जंतू दाखवत नाही आणि कीटकनाशकही दाखवत नाही.

जुळे सोलापूर

मीटरबद्दल तुमचं पूर्ण मान्य. पण मातकट वासाला औषध कार्बन आहे, मेंब्रेन नाही. ५ मायक्रॉनचा स्पन (गाळ अडवणारा फिल्टर), त्यामागे चांगला कार्बन ब्लॉक आणि शेवटी यूव्ही, एवढ्यावर नळाचं पाणी निघतं आणि थेंब वाया जात नाही. यूव्हीची एक अट आहे : पाणी निवळ हवं. गढूळ असेल तर कणांच्या आडोशाला जंतू वाचतात, म्हणून पावसाळ्यात आधी तुरटी फिरवून पाणी रात्रभर बसू द्या. आणि नळी निळी दिसते म्हणून ती चालू आहे असं समजू नका. आठ-नऊ हजार तासांनंतर उजेड राहतो, जोर जातो.

आरओवाल्यांनी हेही बघावं : त्यात कार्बन क्लोरीन आधीच काढून टाकतो. मग यंत्राच्या आठ लिटरच्या टाकीत बिनक्लोरीनचं पाणी साठतं. गावाला गेलात, तीन दिवस तसंच राहिलं, तर टाकीच्या भिंतीला बुळबुळीत थर धरतो. आल्यावर ते पाणी सगळं सोडून द्या.

२०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानंही पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं, की ५०० च्या खालच्या पाण्याला आरओ बंद करा आणि बाकीच्या ठिकाणी किमान ६० टक्के पाणी परत मिळालं पाहिजे. मी वेगळं काही म्हणत नाही.

होटगी रोड

मग पाणी कमी टाकणारा आरओ बसवा, यंत्रच नको कशाला? टाकलेलं पाणी किती, हे मेंब्रेनच्या मागच्या एफआर नावाच्या बोटभर नळीवर ठरतं. ७५ जीपीडीचं (दिवसाला ७५ गॅलन) मेंब्रेन पूर्ण दाबाला मिनिटाला २०० मिली देतं. एफआर ४५० चा, म्हणजे मिनिटाला ४५० मिली सोडणारा, असेल तर सव्वादोन पट वाया, ३०० चा असेल तर दीडपट. मोजायला दोन्ही नळ्यांखाली मापाची भांडी धरा, मिनिटभर बास. पण इथं लोक चुकतात : हजाराच्या वरच्या जड पाण्याला ३०० चा एफआर लावला तर सहा-आठ महिन्यांत मेंब्रेनवर क्षार जमतात आणि धार बारीक होते. पाचशे-सहाशेपर्यंतच तो लावा.

सर्व्हिसला येणारा माणूस "चव यावी" म्हणून टीडीएसचा स्क्रू उघडतो. त्या स्क्रूतून कच्चं पाणी मेंब्रेनला वळसा घालून थेट टाकीत येतं, नायट्रेटसकट. बोअर असेल तर तो स्क्रू बंदच ठेवायला सांगा. बंद असताना टीडीएस आत ८०० आणि बाहेर ६०-८० हे निरोगी मेंब्रेन. बाहेर १५० च्या पुढे गेलं की बदला, त्याआधी नाही.

भवानी पेठ

वार्षिक कराराबद्दल कोणीच लिहिलं नाही, खरी लूट तिथं आहे. करारात फिल्टर येतात, पण मेंब्रेन, पंप आणि अ‍ॅडॉप्टर बऱ्याचदा येत नाहीत, ते बारीक अक्षरात असतं. बऱ्याच यंत्रांवरचा लाल दिवा तास मोजतो, पाणी तपासत नाही. यंत्र घेतानाच दहा इंची साधी हाउसिंग (फिल्टरचं डबडं) असलेलं घ्या, म्हणजे स्पन कुठल्याही दुकानात मिळतो आणि पान्यानं घरी बदलता येतो. स्वतःच्याच आकाराचे खटका-फिल्टर असलेलं यंत्र घेतलं की पुढं दर ठरवणार तेच.

आणि आरओ नको म्हणून थंड पाण्याचा जार लावणाऱ्यांनो, त्या जारला सील नाही, बॅच नाही, तारीख नाही. तिथंही बहुतेक आरओच असतो, फक्त तुम्हाला दिसत नाही.

जुळे सोलापूर

होटगी रोडवाल्यांचा बोअरचा मुद्दा मला पटतो. मिसळलेल्या पाण्याला आरओ लागतो. पण मग भांडण मिसळण्याशीच करा ना! गच्चीवर नळासाठी वेगळी ५०० लिटरची टाकी आणि तिथून स्वयंपाकघरापर्यंत अर्ध्या इंचाची एकच लाइन. बोअर न्हाणीघराला आणि संडासला. हे एकदाच करायचं काम आहे, दरवर्षीचा करार नाही.

होटगी रोड

स्वतःच्या घराला हे उत्तम, आज करा. चोवीस फ्लॅटच्या इमारतीत खालचा हौद एक, वर चढणारा पाइप एक. भाडेकरूनं कुणाला सांगायचं? त्यानं तोवर एवढं करावं : लिटरभर बोअरचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत द्यावं, आणि जडपणा व नायट्रेट हे दोन आकडे मागावेत. जंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी, निर्जंतुक केलेली, ती तिथूनच घ्यावी लागते. नायट्रेट ४५ च्या आणि जडपणा ६०० च्या आत असेल तर मीही त्याला आरओ घे म्हणणार नाही.

विजापूर रोड

टाकलेलं पाणी तरी वापरा. आत टीडीएस ३५० असेल तर ते साधारण साडेचारशे-पाचशेचं निघतं, भांडी आणि कुंड्यांना चालतं. आत ८०० असेल तर हजाराच्या वर जातं. ते तुळशीला घालू नका, मातीवर पांढरा थर धरतो. बादलीत धरून संडासला ओता.