मदत हवी आहे: रॅम टाकताना चटका बसला, आता पीसी चालू होत नाही

घाईत_आहे
नवीन रॅम टाकली, तेव्हापासून पीसी चालू होत नाही. पंखे फिरतात, स्क्रीन काळी. काम सुरू करताना कॅबिनेटला हात लागला आणि सणसणीत चटका बसला होता, म्हणजे स्टॅटिकने (अंगावर साठलेल्या विजेने) रॅम गेली हे उघड आहे. दुसरी मागवतोय. ती लावताना असं होऊ नये म्हणून काय करायचं, तेवढं थोडक्यात सांगा. मनगटाचा पट्टा कुठला घ्यावा? वायरलेस चालतो का? उद्या काम द्यायचंय, लवकर.

अमृता_प
डेस्कटॉप की लॅपटॉप? रॅम कुठली? जुनी काढली की तिच्या जोडीला टाकली? नुसत्या जुन्या रॅमवर चालतो का?
आणि चटका बसला तेव्हा रॅमची नवीन पट्टी पाकिटातच होती ना? मग तुमच्या अंगावरचा चार्ज कॅबिनेटच्या पत्र्यात गेला. रॅमच्या दृष्टीने हे बरंच झालं.

उंटावरचा
पट्टा वगैरे काही लागत नाही. रबरी चप्पल घाला आणि बिनधास्त काम करा. मी कायम तसंच करतो, आजवर एकही पार्ट गेला नाही.

सोल्डरवाला
@उंटावरचा, रबरी चप्पल मेन्सच्या (घरातल्या २३० व्होल्टच्या विजेच्या) झटक्यापासून थोडीफार वाचवेल. स्टॅटिकच्या बाबतीत ती उलटं काम करते, कारण अंगावर साठलेला चार्ज जमिनीत उतरायची वाटच बंद होते.
आणि 'आजवर गेला नाही' हे तुम्हाला कळणार कसं? साधारण ३००० व्होल्टच्या खालचा डिस्चार्ज बोटाला जाणवतही नाही. काही चिप्स त्याच्या दहाव्या भागातही जखमी होतात. जखमी म्हणतोय, कारण पार्ट लगेच मरतोच असं नाही. कधी तो अर्धवट चालत राहतो, मग केव्हातरी पीसी आपोआप बंद पडायला लागतो आणि लोक विंडोजला शिव्या घालतात.
धागाकर्ते, वायरलेस पट्टा घेऊ नका. चार्ज जाणार कुठे? वायरवाला घ्या, त्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. काम करताना चुकून २३० व्होल्टला हात लागलाच, तर पट्ट्यातून पाव मिलिअँपियरपेक्षाही कमी करंट जातो. म्हणून घरच्या घरी साधी तार मनगटाला गुंडाळायचा उद्योग करू नका.

उंटावरचा
पुस्तकी माहिती. आजकालच्या चिप्सना आतच संरक्षण असतं.

सोल्डरवाला
असतं, पण मर्यादित. कारखान्यात पट्टे, मॅट आणि आर्द्रता सांभाळून काम होतं, तिथे निभावण्यापुरतं. कोरड्या हवेत गालिच्यावरून चालत आलेल्या माणसाचा हिशोब त्यात धरलेला नसतो.

निवांत
सोपा उपाय. प्लग लावलेला ठेवा, एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) मागचं बटण बंद करा, अधूनमधून कॅबिनेटला हात लावा. अर्थिंग मिळतं.

अमृता_प
@निवांत, सॉकेटला खरंच अर्थिंग असेल तर. शिवाय मागचं बटण बंद करायचं राहिलं, तर पीसी बंद असतानाही मदरबोर्डावर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा असतो आणि तशात रॅम ओढली की झालं. मी प्लग काढूनच काम करते. पट्ट्याची क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला लावायची, बोर्ड त्यातच बसवलेला असतो. तुम्ही, कॅबिनेट आणि बोर्ड एकाच पातळीला आलात की ठिणगी पडायला कारणच उरत नाही.

निवांत
मग जमिनीशी संबंध राहिला कुठे?

अमृता_प
असला तर उत्तम. पण बोर्ड आणि हात यांच्यात फरक नसणं जास्त महत्त्वाचं.

टीचभर
धाग्यात घुसल्याबद्दल क्षमस्व. माझ्या कॅबिनेटला हात लावला की सतत झिणझिण्या येतात. हेही स्टॅटिकच का?

सोल्डरवाला
नाही. स्टॅटिकचा चटका एकदाच बसतो. सतत झिणझिण्या म्हणजे अर्थिंग तुटलंय किंवा मुळातच नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे अशा वेळी पत्र्यावर मेन्सच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येतं. करंट अगदी कमी असतो, पण दुर्लक्ष करू नका, कारण आत खरा बिघाड झाला तर वाचवायला अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियनला सॉकेट दाखवा. आणि तोवर पट्टा त्या कॅबिनेटला लावायचा असेल तर आधी प्लग काढा.

कुंपणावरून
रॅमच्या खाचेत धूळ असेल. व्हॅक्यूम क्लीनर लावा, मी दर महिन्याला लावतो.

अमृता_प
नको! प्लॅस्टिकच्या नळीतून धूळ घासत गेली की नळीच्या तोंडाशीच चार्ज साठतो. हवेचा फवारा मारा, आणि पंखे बोटाने धरून ठेवा.

घाईत_आहे
अहो, धुळीचं कुणी विचारलं? डेस्कटॉपच आहे. डीडीआर५. जुन्या दोन पट्ट्या होत्या, रिकाम्या खाचांत आणखी दोन टाकल्या. नुसत्या जुन्यांवर चालतो. आता पट्ट्याचं सांगा, म्हणजे मनगटाच्या.

अमृता_प
हे आधी सांगायचं ना! पॉवर दिल्यावर स्क्रीन येईपर्यंत किती वेळ थांबता?

घाईत_आहे
थांबायचं काय त्यात? अर्ध्या मिनिटात आली नाही की बटण दाबून बंद करतो.

अमृता_प
डीडीआर५ला नवीन रॅम पाहिली की बोर्ड आधी मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे प्रत्येक पट्टीशी सिग्नलची वेळ जुळवतो. तोपर्यंत स्क्रीन काळीच. चार पट्ट्या, त्याही वेगवेगळ्या जोड्या, म्हणजे काही मिनिटं सहज, कधी दहा-पंधराही. मध्येच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. बोर्डावर डीरॅमचा दिवा लागलेला असेल. चालू करा आणि हात लावू नका.

घाईत_आहे
आली स्क्रीन. चारही पट्ट्या दिसतायत. एवढा वेळ लागणार होता तर बोर्डाने स्क्रीनवर तसं लिहायला काय हरकत होती? पण वेग ३६०० दाखवतोय, आधी ६००० होता. हे स्टॅटिकमुळे का?

अमृता_प
नाही हो. डीडीआर५च्या चार पट्ट्या लावल्या की बहुतेक बोर्ड वेग खाली आणतात. जास्त वेग हवा असेल तर मोठ्या क्षमतेची दोनची जोडी घ्यायला हवी होती. रॅमवर संशय असेल तर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवा, एकही एरर येता कामा नये.

उंटावरचा
बघा! स्टॅटिक वगैरे काही नव्हतंच.

सोल्डरवाला
या वेळी नव्हतं. चप्पल काढा आता.

घाईत_आहे
दुसरी रॅम रद्द केली. पट्टा कुठला घ्यायचा ते मात्र अजून कुणी सांगितलं नाही.

सोल्डरवाला
वायरवाला. वर लिहिलंय.