अनुभव धागा: कुक आडनावाची माणसं आणि आपण

संत्रानगरी: काल इंग्लंडच्या अ‍ॅलिस्टर कुकची ओव्हलची शेवटची खेळी पाहिली, २०१८ची, १४७ धावांची. अन् मार्च २००६ आठवला. नागपूरच्या सिव्हिल लाइन्सचं जुनं व्हीसीए मैदान, भारत-इंग्लंड टेस्ट. इंग्लंडचे बॅट्समन वॉन जखमी, ट्रेस्कॉथिक घरी परतलेला, म्हणून वेस्ट इंडीजमधून हे एकवीस वर्षांचं पोट्टं बोलावलेलं. पहिलीच टेस्ट, ६० अन् नाबाद १०४. शेजारचे काका म्हणे, "आचाऱ्याचं पोट्टं दिसते, घाईच नाही त्याले!" काका बरोबरच होते, आडनाव धंद्यावरूनच आलेलं. गढीवर, मठात रांधणारा, नाहीतर बाजारात शिजवलेलं विकणारा तो कुक. स्मिथ, बेकर, टेलर तसंच. तुमचे कुक सांगा.

उन्मुक्त: त्याच मॅचमध्ये इंग्लंडचा स्पिनर पनेसरनं टेस्टमधली पहिली विकेट सचिनची घेतली. जखमेवर मीठ!!

ठाण्याची_मावशी: क्रिकेट कळत नाही. सासूबाई कुठल्याही सहलीला 'थॉमसकुक' म्हणायच्या, अष्टविनायकालासुद्धा 😀 टूर कंपनीचा तो थॉमस कुक मूळ दारूबंदीवाला. १८४१ला इंग्लंडात लेस्टरहून लफबरोला सभेसाठी रेल्वेनं माणसं नेली, जाऊन-येऊन एक शिलिंग.

उन्मुक्त: दारूबंदीवाला? आणि आमचे काका ड्युटी फ्रीसाठीच टूरला जातात.

किवी_कोल्हापूरकर: आमच्याकडे न्यूझीलंडला माउंट कुक डोंगर. माओरी नाव आओराकी, १९९८पासून दोन्ही जोडून लिहितात. दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुकचं नाव, पण ते दिलं कॅप्टन जॉन स्टोक्स नावाच्या आरमारी अधिकाऱ्यानं १८५१ला. कॅप्टन तर १७७९लाच हवाईत मारला गेला. आईबाबा आले तेव्हा दोन दिवस नुसते ढग, डोंगर दिसलाच नाही. तिसऱ्या दिवशी परतीची बस 😭

काळा_कोट: इंग्लंडचे कायदेपंडित सर एडवर्ड कोक विसरू नका, राजाच्या मनमानीला आळा घालणाऱ्या १६२८च्या पिटिशन ऑफ राइटवाले. लिहायचं कोक, म्हणायचं कुकच. आमचे सर भर वर्गात टोकायचे.

उन्मुक्त: म्हणजे थंडा मतलब कुक?

बीकेसीवाली: अ‍ॅपलवाला टिम कुक! एप्रिल २०२३, मुंबईत बीकेसीला अ‍ॅपल स्टोअरचं उद्घाटन. ऑफिसला दांडी मारून रांगेत उभी होते, दिसलं फक्त डोकं. त्यानं माधुरीबरोबर वडापाव खाल्ला, मी उन्हात उपाशी.

ठाण्याची_मावशी: स्वाती स्नॅक्समध्ये ना गं? तिथे जाऊन वडापाव? पानकी खायची सोडून!

किवी_कोल्हापूरकर: पानकी कशी करतात? इथे केळीची पानं मिळतात, फ्रोझन.

ठाण्याची_मावशी: तांदळाचं पीठ आंबट ताकात भिजव, आलं-मिरची, हळद. तेल लावलेल्या पानात पातळ पसरून वर दुसरं पान, मग तवा. थांब, कुकर झाला माझा.

उन्मुक्त: कुकर पण चालेल धाग्याला 😂