थर्मल कॅमेऱ्यात पॅकचा एकच कोपरा गरम दिसतोय, पॅक परत देऊ का?

तासगाव_बॅटरीवाला:
नमस्कार मंडळी. फवारणी पंपाच्या आणि ई-स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करतो. सध्या दूध घालणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा ४८ व्होल्टचा लिथियम पॅक समोर आहे. १८६५० चे (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, गोल) सेल, चार-चारच्या १३ ओळी. फुल चार्जला ५४.६ व्होल्ट भरतात, बीएमएस (चार्जिंग-डिस्चार्ज सांभाळणारं सर्किट) ठीक आहे. पेटी उघडून लोड लावला आणि मोबाईलला जोडायच्या थर्मल कॅमेऱ्यानं बघितलं. मधले सेल ४१ अंश, कोपऱ्यातला एकटा ४८. निकेलच्या पट्ट्या मात्र सगळ्या ३३-३४. करंट तर त्यांच्यातूनच जातोय, मग त्या गार कशा? ४८ म्हणजे काही विशेष नाही, असं शेजारचे मेकॅनिक म्हणतात. पण हा माणूस रात्री घरात चार्जिंग लावतो आणि पोरं त्याच खोलीत झोपतात. खात्री झाल्याशिवाय मी पॅक देणार नाही.

कुपवाड_मेंटेनन्स:
दादा, पट्ट्यांचा आकडा सोडून द्या. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो, त्यात कॅमेऱ्याला खोलीचंच प्रतिबिंब दिसतं. पट्टीवर काळी इन्सुलेशन टेप लावा, कॅमेऱ्यात एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो तो आकडा) ०.९५ ठेवा, थोडं थांबून टेपचं तापमान वाचा. कंपनीत पॅनेलचे बसबार (करंट नेणाऱ्या धातूच्या जाड पट्ट्या) आम्ही असेच बघतो.

४८ पेक्षा जागा बघा. मधल्या सेलची उष्णता निघायला वाट नसते, ते गरम असणारच. कोपरा सगळ्यात गार हवा. तोच सात अंशांनी वर आहे म्हणजे एकतर जोड खराब आहे, नाहीतर सेल. लोड काढून बघत राहा. जोड असेल तर उष्णता उतरते. काही तास नुसता ठेवूनही तोच सेल कोमट राहिला, तर आतून शॉर्ट आहे. मग पॅक दुकानात नको, बाहेर मोकळ्या जागेत ठेवा, जवळ जळण्यासारखं काही नको.

मिरजेची_फिजिक्सवाली:
कॅमेऱ्याला फक्त सेलचा पृष्ठभाग दिसतो, गाभा त्याहून गरम असतो. बंद पेटीचा फोटो घेऊन उपयोग नाही, तिथं पेटीचंच तापमान येतं. आणि ४८ ला हलकं घेऊ नका. बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ च्या वर चार्ज करायचे नसतात. ८०-९० च्या आसपास ॲनोडवरचा (सेलच्या आतल्या निगेटिव्ह बाजूवरचा) संरक्षक थर मोडायला लागतो आणि तो मोडतानाच आणखी उष्णता देतो. पॉलिएथिलीनचा सेपरेटर (आतल्या दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा पडदा) १३० च्या सुमारास वितळतो. एप्रिलच्या उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, ते याचसाठी.

तासगाव_बॅटरीवाला:
टेप लावली. पट्टीचं टोक ५७! मेन पॉझिटिव्ह वायर तिथंच सोल्डर केलेली आहे. लोड काढल्यावर कोपरा उतरत गेला आणि आता सगळे सेल एकसारखे आहेत. जोड नव्यानं करतो.

कुपवाड_मेंटेनन्स:
उत्तम. सोल्डर पट्टीवर करा, सेलवर नको. नंतरचा फोटो त्याच लोडवर, तेवढ्याच वेळानं घ्या आणि रंगपट्टी २५ ते ६० वर पक्की करा. ऑटोवर ठेवली तर एका अंशाचा फरकसुद्धा लालभडक दिसतो.