फक्त स्पिटफायर नव्हे

काहीजण म्हणतात की १९४० साली जर्मन हवाई हल्ल्यांतून ब्रिटन वाचलं ते स्पिटफायर या लढाऊ विमानामुळे. देखणं विमान, वादच नाही, पण जास्त जर्मन विमानं हरिकेन या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानांनी पाडली, आणि संख्येनंही तीच जास्त होती. माझ्या मते खरं श्रेय ब्रिटिश लढाऊ विमानदलाचा प्रमुख डाउडिंग याने बसवलेल्या हवाई बचावाच्या यंत्रणेचं.

किनाऱ्यावरची रडार फक्त समुद्राकडे बघायची. विमानं किनारा ओलांडून आत आली की सगळी मदार दुर्बिणी घेऊन उघड्यावर बसलेल्या निरीक्षकांवर. रडारची माहिती डाउडिंगच्या मुख्यालयात, बेंटली प्रायरीला, तपासून-गाळून पुढे अक्सब्रिजच्या नियंत्रण कक्षाला पोचायची. तिथे जमिनीखालच्या खोलीत मोठ्या नकाशाच्या टेबलावर हवाई दलातल्या मुली लांब काठ्यांनी विमानांच्या जागा दाखवणाऱ्या सोंगट्या सरकवत. भिंतीवरच्या घड्याळात पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे पट्टे होते आणि त्या त्या वेळी आलेल्या खबरीची खूण त्याच रंगाची. रंग बघितला की खबर ताजी की शिळी ते कळायचं! शत्रू कुठे आहे हे असं आधीच कळायचं, म्हणून आकाशात तासन्‌तास गस्त घालत पेट्रोल आणि माणसं झिजवावी लागली नाहीत.

१२ ऑगस्टला दक्षिण किनाऱ्यावरच्या व्हेंटनॉरचं रडार जर्मनांनी बंद पाडलं होतं. पण तीनच दिवसांनी जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंगने असले हल्ले फारसे उपयोगाचे नाहीत असं ठरवलं. घोडचूक.

आणि खरी टंचाई विमानांची नव्हती, वैमानिकांची होती. त्यातही घरच्या आकाशात लढण्याचा फायदा होताच: विमान पडल्यावर हवाई छत्रीने उतरलेला इंग्रज धडधाकट असेल तर पुन्हा उडायचा, जर्मन मात्र थेट कैदेत.