५ फुटी टँकमध्ये ऑस्कर, एंजल, गोल्डफिश आणि शार्क एकत्र राहतील का?

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. सांगलीत नवीन घर झालंय, हॉलमध्ये ५ बाय २ बाय २ चा टँक करून घेतला, १२ एमएम काच, खाली लोखंडी स्टँड. पाणी भरून तीन दिवस झाले, फिल्टर चालू आहे, मासा अजून एकही नाही आणि घरात मात्र रोज भांडणं. पोराला ऑस्कर पाहिजे कारण तो हातातून खातो, बायकोला एंजल पाहिजेत, आमचे आबा म्हणतात गोल्डफिशशिवाय कसला टँक. दुकानदार म्हणाला सगळं चालतंय साहेब, एवढा मोठा टँक आहे, वर दोन इंचाचे चार शार्क पण घेऊन जा म्हणाला. खरंच चालतंय का हे सगळं एकत्र? पाणी बोअरचं आहे, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ६५० दाखवतोय.

मिरजेचा_मासेवेडा
दादा, दुकानदाराला टँक मोठा दिसला म्हणून तो म्हणायलाय. तुमचा टँक २० घनफूट, म्हणजे हिशोबाने ५६६ लिटर, वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर ५०० धरा. मोठा आहे, नाही म्हणत नाही. पण मासा दुकानात दिसतो तेवढा धरायचा नाही, पूर्ण वाढल्यावर केवढा होतो ते बघायचं. ऑस्कर फूटभर होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो, त्यात त्याचा राग-लोभ काही नसतो. मी पहिल्यांदा ऑस्करच्या टँकमध्ये दहा निऑन टेट्रा सोडले होते, रात्री मोजून झोपलो, सकाळी लाईट लावला तर तीन, तेपण हीटरच्या मागं चिकटून बसलेले, आणि ऑस्करसाहेब काचेजवळ येऊन नाश्त्याची वाट बघतायत!

आता शार्क. दोन इंची 'शार्क' म्हणून जे विकतात ते बहुतेक पंगास असतात, तोच जो शेततळ्यात खायला पाळतात, मीटरभराच्या वर जातो. त्यात भित्रा एवढा की आमच्याकडे कुकरची शिट्टी झाली की जाऊन काचेवर आदळायचा, नाकाची कातडी पार पांढरी पडलेली. काळ्या किनारीचा चंदेरी असेल तर तो बाला, तोही फूटभर होतो आणि त्याला चार-पाचाचा घोळका लागतो. दोन्ही सोडून द्या.

गोल्डफिशला गार पाणी लागतं, वीस-बावीस डिग्री बरी, ऑस्कर-एंजलला पंचवीसच्या पुढं. शिवाय गोल्डफिश घाण फार करतो.

तर एक ठरवा, ऑस्कर की एंजल. ऑस्कर ठरला तर दोन ऑस्कर, सोबत सहा सिल्व्हर डॉलर, बास. सिल्व्हर डॉलर उंच-चपटा असतो, सहा इंच होतो, ऑस्करच्या घशात जात नाही, फक्त ऑस्करच्या बरोबरीने वाढलेला घ्या, एवढाएवढासा नको. झाडं मात्र विसरा, एक खातो, दुसरा उपटतो.

कासवाला_सातारा
मासेवेडा भाऊंशी सहमत, पण मी असतो तर एंजलकडे गेलो असतो. सहा एंजल एकदम लहान आणून सोबत वाढवा, जोडी जमली की ती कोपरा धरून बाकीच्यांना हाकलते, पाच फुटात तेवढी जागा मिळते. टायगर बार्ब चुकूनही नको, एंजलचे पोटाखालचे मिशांसारखे लांब पर कुरतडून ठेवतात. निऑन पण नको, एंजल मोठा झाला की खातो, रमीनोज (लाल तोंडाचे टेट्रा) जरा मोठे बघून घ्या. तळाला कोरीडोरास (तळाशी फिरणारे छोटे मासे) आठ-दहा. काच साफ करायला साधा सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) देतील, तो फूट-दीड फूट होतो, त्याऐवजी ब्रिसलनोज मागा, पाच इंचात थांबतो. आणि मोठा झालेला सकर कुणी कृष्णेत नेऊन सोडू नका हो, उजनीत जाळ्यात तेच निघायला लागलेत.

मला स्वतःला डेनिसन बार्ब आवडतो, आपल्याच घाटाचा, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमधला, २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीला (जीनसला) नावच सह्याद्रिया दिलं. नदीतून फार पकडल्यामुळं संकटात आलाय, म्हणून फार्मवर पैदास केलेलाच मागा. सहाच्या वर घ्या, पाणी खेळतं ठेवा आणि वर झाकण पाहिजेच, उडी मारतो. पण ६५० टीडीएसला मी धाडस करणार नाही. आमच्याकडे कास तलावाचं पाणी येतं, मऊ, तुमच्या बोअरच्या पाण्याला बोसमनी रेनबो बरा, त्याला जड पाणी चालतं. नळाचं पाणी मिसळत असाल तर आधी अँटीक्लोरीन टाका.

पूरग्रस्त_२०१९
मासे कुठलेही घ्या, पण तीन दिवसात नको. माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया खाणारे जीवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला चार-सहा आठवडे जातात, किट आणून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत दम धरा. कुणाच्या तरी चालू टँकच्या फिल्टरमधला जुना स्पंज मिळाला तर लवकर होतं. स्पंज नळाखाली धुवू नका, टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळा.

दुसरं लाईटचं. महापुरात आमच्या घरात पाणी नव्हतं पण लाईट चार दिवस नाही, आम्ही पाळी लावून मगने पाणी उचलून वरून ओतत होतो, रात्री दोनला पण. मोठे मासे आधी गेले. बॅटरीवरचा एअर पंप आत्ताच घेऊन ठेवा. आणि स्टँड बीमवर किंवा भिंतीला लागून आहे ना? सगळं धरून पाऊण टनाच्या आसपास जातंय.

विश्रामबागकर
भिंतीला लागून आहे, खाली पार्किंगचा कॉलम आहे. एंजल आणि रेनबो ठरलं, पोरगं दोन दिवस फुगून बसलंय. मिरजेचे दादा, स्पंज मिळेल का तुमचा? आणि आबांचे गोल्डफिश मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत सोडले तर?

मिरजेचा_मासेवेडा
स्पंज रविवारी घेऊन जा, ओलाच न्यायचा, डबा आणा. टाकी सावलीत पाहिजे, एप्रिल-मेला वर शेडनेट, नाहीतर आपल्याकडच्या चाळीस डिग्रीत शिजतील. आणि जाळी घाला वर, आमच्याकडं खंड्या तारेवर बसून एकेक उचलायचा, सातातले दोन राहिल्यावर कळलं आम्हाला.