मुक्कामाची गाडी (कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रुपवरून)

आक्का: आज पण मुक्कामाची गाडी आली नाही. पोरगी फाट्यावरून तीन किलोमीटर चालत आली, अंधारात. परवाच ओढ्याकडं अस्वल दिसलंय, विसरलात काय सगळे?

युवक मंडळ: उद्या सकाळी ७ ला फाट्यावर रास्ता रोको. घरटी एक माणूस पाहिजेच.

गुरुजी: थांबा रे. मागच्या पावसाळ्यात पण केलाव की. चार दिवस गाडी आली, पाचव्या दिवशी परत बंद. मी आज खानापूरला एसटी डेपोत जाऊन साहेबांना भेटून आलो. माणूस बरा बोलला. म्हणाले, तुमच्या फेरीचं किलोमीटरमागं उत्पन्न बसत नाही. वरून पैसे कमी, ड्रायव्हर कमी, म्हणून गर्दीच्या रूटला गाडी वळवली.

वडापवाला: गर्दी नाही म्हणे? माझ्या वडापात, या जीपमध्ये, रोज सकाळी चौदा जणं कोंबून जातात ती कोण मग?

गुरुजी: तीच आपली गर्दी. रात्री मुक्कामाला आलेली गाडी आधी सकाळी ७ ला सुटायची. ती पावणेआठ केली. पोरांचा पहिला तास बुडायला लागला, पोरं वडापात बसली. गाडी मोकळी पळायला लागली, आणि मोकळी पळते म्हणून बंद. साहेबांच्या कागदावर फक्त शेवटचं तेवढं दिसतंय.

कॉलेजवाली: गुरुजी, अजून एक. ११ जून २०२३ पासून शक्ती योजना चालू झाली, बायकांना एसटी फुकट. बायका झिरो तिकीट मागूनच घेत नाहीत. फुकटच आहे, कशाला तिकीट म्हणतात. कंडक्टर पण गर्दीत मागंपर्यंत येत नाही. पण त्या झिरो तिकिटाचेच पैसे सरकार महामंडळाला देतं. तिकीट फाडलं नाही तर मशीनच्या हिशोबात आपण गाडीत बसलोच नाही.

आक्का: आगं बाई. मी तर दोन वर्षं अशीच जातेय.

शेतकरी काका: सरकार तरी कुठं वेळेवर देतंय? थकबाकीचं रोज पेपरात येतंय.

कॉलेजवाली: थकलं तरी मागायला हिशोब पाहिजे की काका. ५ जानेवारी २०२५ ला भाडं १५ टक्के वाढलं, तेव्हा बाप्ये माणसं पण आपापल्या गाड्या काढून जायला लागली. मग मशीनमध्ये उरलं कोण?

गुरुजी: म्हणून म्हणतो, सोमवार ते शनिवार वही घेऊन बसायचं. किती जण, कुठं जाणार, कशानं गेले. वडापवाले, तुझी पण मोजायची.

वडापवाला: मोजा की. माझा धंदा बुडवायची वही माझ्याच गाडीत 😄 दुपारच्या फेऱ्या माझ्या राहू देत म्हणजे झालं.

डेअरी: आतलं सांगतो. मुक्कामाला यायला ड्रायव्हर-कंडक्टरच नको म्हणतात. समाजमंदिराच्या खोलीत पाणी नाही, संडासाला कडी नाही. माणसानं दिवसभर गाडी हाणून तिथं झोपायचं कसं? उद्या कडी मी बसवतो. टाकीचं पंचायतीनं बघावं.

पंचायत सदस्य: बघतो. ग्रामसभेत ठराव पण घेऊया. शेजारच्या दोन वाड्यांचा पण घेतला तर वजन येईल. एकच गाडी तिन्हीकडून फिरवा म्हटलं तर त्यांना पण परवडेल.

युवक मंडळ: अर्ज मराठीतच जाणार. हे आधीच सांगतो.

गुरुजी: मराठी जोडूच की. वर कन्नड लावूया, टेबलावर पडून राहणार नाही. गाडी मागायला चाललोय बाबा, सीमाप्रश्न सोडवायला नाही.

शेतकरी काका: १९५६ पासून हेच ऐकतोय गुरुजी.

गुरुजी: मग आधी गाडी ७ ला आणूया, उरलेलं गाडीत बसून बोलू.

कॉलेजवाली: फेऱ्या किती रद्द झाल्या ते माहिती हक्कात मी विचारते. दहा रुपये फी. कर्नाटकात अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची अट आहे, तेव्हा इतिहास लिहायला सांगू नका.

युवक मंडळ: रास्ता रोको मग रद्द?

गुरुजी: वही भरू दे. ती घेऊन गेल्यावर पण काही हललं नाही, तर पुढच्या रांगेत मी बसतो.

आक्का: सोमवारी साडेसहाला मारुतीच्या देवळापाशी मी बसते. चष्मा आणते. चहा कोण देणार ते सांगा.

डेअरी: डेअरीवर या. साखर मात्र घरची आणा.