एन्डोस्कोपीच्या अहवालात 'इरोझिव्ह अँट्रल गॅस्ट्रायटिस' : हे नेमके काय आणि कशामुळे?

सायली (प्रश्न)

माझ्या वडिलांना गेले काही महिने छातीच्या हाडाखाली, पोटाच्या वरच्या भागात, जळजळ आणि बोचल्यासारखे दुखणे जाणवते. थोडे खाल्ले तरी पोट तुडुंब भरल्यासारखे वाटते आणि सकाळी मळमळ होते. ऍसिडिटी समजून ते अँटासिड घेत राहिले; त्याने तात्पुरते बरे वाटे, पण त्रास पुन्हा उलटे. अखेर एन्डोस्कोपी झाली आणि अहवालात वरील निदान आले. बायॉप्सीचा (अस्तराचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) अहवाल अद्याप यायचा आहे. ते गुडघेदुखीसाठी बऱ्याच काळापासून डायक्लोफिनॅक घेतात, शिवाय हृदयासाठी ऍस्पिरिनची लहान मात्रा चालू आहे. तिखट ते खात नाहीत, मद्यपान कधीच केलेले नाही, मग ही सूज आली कशी? आणि ही नेहमीची ऍसिडिटीच आहे की काही वेगळे?

विनायक

सायलीताई, अँट्रम म्हणजे जठराचा आतड्याकडे जाणारा खालचा भाग, आणि इरोझिव्ह म्हणजे तिथल्या अस्तरावर वरवरची झीज झालेली आहे. ती झीज खोलवर गेली की तिला अल्सर म्हणतात. ऍसिडिटी हे आपण लक्षणाला दिलेले नाव आहे; गॅस्ट्रायटिस, म्हणजे जठराच्या अस्तराची सूज, ही प्रत्यक्ष अवस्था आहे, आणि आम्ल अजिबात वाढलेले नसतानाही ती असू शकते.

उपाशीपोटी जठररसाचा सामू (पीएच) साधारणपणे १.५ ते ३ असतो. इतक्या तीव्र आम्लात जठर स्वतःच पचून जात नाही, कारण अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो, त्या थरात आम्ल निष्प्रभ करणारे बायकार्बोनेट असते, आणि पृष्ठभागावरच्या पेशी काही दिवसांतच झडून त्यांच्या जागी नव्या येतात. ही सारी व्यवस्था प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांवर अवलंबून असते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ऍस्पिरिन यांसारखी औषधे वेदना कमी करतात ती हीच द्रव्ये तयार होऊ न देऊन, त्यामुळे गुडघ्याला आराम पडतो तेव्हाच जठराचे संरक्षण दुबळे होत असते. हा परिणाम रक्तावाटे होतो. म्हणून गोळी जेवणानंतर घेतली, वर लेप असलेली घेतली किंवा इंजेक्शन घेतले, तरी धोका टळत नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ही दोन औषधे एकत्र चालू आहेत आणि एकत्र घेतल्याने धोका आणखी वाढतो, म्हणून मला पहिला संशय त्यांचाच येतो. तिखटाने आधीच असलेली जळजळ अधिक जाणवू शकते, पण ते गॅस्ट्रायटिसचे मूळ कारण नव्हे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: ऍस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. ते का चालू आहे हे हृदयरोगतज्ज्ञांना ठाऊक असते, आणि ते अचानक थांबवल्यास हृदयाला धोका संभवतो. डायक्लोफिनॅकऐवजी पॅरासिटामॉल चालेल का, हे मात्र लगेच विचारा.

मेधा

विनायकरावांशी मी सहमत आहे, परंतु दुसरे मोठे कारण, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरात राहणारा जंतू, तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. जठराच्या आम्लात कोणताही जंतू टिकणार नाही असे वैद्यकशास्त्र दीर्घकाळ मानत होते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, आणि १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः प्राशन केला तेव्हा काही दिवसांतच त्यांच्या जठराला सूज आली. दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू युरियापासून अमोनिया तयार करून स्वतःभोवतीचे आम्ल सौम्य करतो आणि श्लेष्माच्या थरात वर्षानुवर्षे राहतो. संसर्ग बहुधा बालपणीच होतो व बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, पण काहींत त्यातून अल्सर आणि क्वचित जठराचा कर्करोगही उद्भवतो.

बायॉप्सीत त्याचा शोध घेतला आहे ना, हे विचारून घ्या. श्वासाची किंवा शौचाची चाचणी करायची झाल्यास आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने किमान २ आठवडे आणि प्रतिजैविके ४ आठवडे आधी बंद असावी लागतात. अन्यथा जंतू असूनही चाचणी नकारात्मक येऊ शकते. उपचार बहुधा १४ दिवसांचे असतात. ते संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी जंतू गेला की नाही हे पुन्हा तपासणे आवश्यक आहे, आणि नेमकी हीच चाचणी अनेकजण बरे वाटू लागले म्हणून टाळतात.

सायली

आपण दोघांनी इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. अलीकडे वडिलांना शौचाला काळसर होते. ते लोहाच्या गोळ्याही घेतात, त्यामुळे आम्ही त्याकडे लक्ष दिले नव्हते. हे काळजीचे आहे का?

विनायक

लोहाने शौच गडद होते हे खरे, पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. जठरातून रक्तस्राव होत असेल तर शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र दुर्गंधीचे होते. तसे असेल, किंवा उलटीत रक्त अथवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसले, चक्कर आली, घाम फुटून छातीत धडधडू लागले, तर तडक रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. ते हृदयरुग्ण असल्याने पोटाच्या वरच्या भागात अचानक वाढलेले दुखणेही हृदयाचे असू शकते. अशा वेळी अँटासिड देऊन वाट पाहू नये.

मेधा

लोहाच्या गोळ्या कशासाठी सुरू झाल्या, हेही पाहा. हिमोग्लोबिन कमी म्हणून दिल्या असतील, तर झिजलेल्या अस्तरातून थोडे थोडे रक्त जात असण्याची शक्यता आहे. शिवाय काहींत शरीराची प्रतिकारशक्ती जठरातील आम्ल स्रवणाऱ्या पेशींवरच हल्ला करते. मग बी-१२ जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात. त्यामुळे उद्याच डॉक्टरांना फोन करून शौचाचा रंग सांगा, आणि हिमोग्लोबिन, लोहाचा साठा व बी-१२ यांची तपासणी करावी का, हे त्याच वेळी विचारा. बायॉप्सीच्या अहवालाची वाट पाहत थांबू नका.